हातांची परीक्षा

तिसऱ्यांदा परीक्षेला बसताना ताईने आधी हातांचा बंदोबस्त केला. बालवाडीच्या व्हरांड्यातल्या बुटक्या बाकावर ती बसली आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून टाकले. शेजारी प्रशिक्षण कॉलेजच्या मॅडम होत्या. त्या एवढ्याशा बाकावरही पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या.

समोर फरशीवर साडेतीन वर्षांची एक मुलगी आपले बूट घेऊन फतकल मारून बसली होती. परीक्षा ताईची होती, मुलीला त्याचा पत्ताही नव्हता. मुलीने आपले बूट आपण घालायचे आणि अंगणात खेळायला जायचं. बालवाडीच्या होऊ घातलेल्या बाईंनी नुसतं बघायचं. बोलायला हरकत नाही, पण हात लावायचा नाही. एवढंच.

एवढंच म्हणे! घरी नऊ वर्षांच्या मुलाच्या केळ्याचं सालसुद्धा ताईच काढून द्यायची. "पेपर तरी त्याचा त्याला लिहू दे गं," असं नवरा चिडवायचा. पहिल्या परीक्षेत तिने एका मुलाचं नाक पुसलं. दुसऱ्या वेळी एकीच्या झग्याची बटणं लावून झाल्यावर आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. आज चुकलं की पुढच्या वर्षी कॉलेजच्या नव्या मुलींबरोबर प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून. पस्तिशी उलटल्यावर एखाद्या कामावर असा जीव जडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि आता तर हे काम हातचं जाईल की काय, अशी वेळ आली होती.

जिभेचं टोक बाहेर काढून मुलीने उजवा पाय डाव्या बुटात घातला. मांडीखालचे तळवे शिवशिवले. मग डावा पाय उजव्या बुटात. टाच अडकली. मुलीने बूट ओढला, आपटला, "शहाणा हो जरा" असं त्याला बजावलं आणि शेवटी रडवेल्या तोंडाने वर पाहिलं.

"ताई, जातच नाहीये."

"टाच अडकलीय वाटतं. आता काय करायचं गं?"

मुलीने थोडा विचार केला. मग ती उभी राहिली आणि धप्पकन पाय आपटला. टाच आत गेली. बुटाची चिकटपट्टीही तिने लावली, निम्मी बाहेर लोंबत होती तरी.

"झालं!"

"झालं की! तुझे तू घातलेस."

"उलटे घातलेत," मॅडम हळूच म्हणाल्या. "दिसलं ना तुम्हाला?"

"दिसलं, मॅडम. चालायला लागली की तिचं तिला कळेल."

कळेल की नाही याची ताईला स्वतःलाच खात्री नव्हती. आणि कळलं नाहीच. मुलगी फेंगडी फेंगडी चालत अंगणाला एक चक्कर मारून आली, ती भलतीच खुशीत. मॅडमनी पर्स खांद्याला लावली आणि बाकाखालच्या रुंद पट्ट्यांच्या चपला पायाने पुढे ओढल्या. ताईचा जीव टांगणीला लागला.

"मोठ्या बाई, थांब!" मुलगी धावत आली. "मी घालते तुला."

मॅडम कुणाला स्वतःची पर्ससुद्धा धरू देत नाहीत, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. गुडघे दुखायचे, तरी जिन्यावर कुणी हात पुढे केला की "माझी मी येते" हे ठरलेलं. आताही ते वाक्य ओठांपर्यंत आलेलं ताईला दिसलं. पण मॅडमनी ते गिळलं आणि पाय पुढे केले.

मुलगी उकिडवी बसली. उजवी चप्पल तिने डाव्या पायात सरकवली. करंगळी बाहेर राहिली, ती बोटाने आत कोंबली. मॅडमचा हात खाली गेला आणि अर्ध्या वाटेवर थांबला. त्यांनी ताईकडे एक तिरका कटाक्ष टाकला, आणि मग आपलेही दोन्ही तळवे मुकाट्याने मांड्यांखाली सारले. ताईला हसू फुटलं. ते दाबता दाबता तिच्या नाकीनऊ आले.

"झालं!" मुलगी म्हणाली.

"झालं की," मॅडम म्हणाल्या. "तुझं तू केलंस."

खांबाला धरून त्या उठल्या, पायरी उतरल्या आणि मागे न बघताच म्हणाल्या, "सोमवारपासून धाकटा गट तुम्ही घ्या."

इतका आनंद ताईला परीक्षेत कधी झाला नव्हता. मॅडम अंगणातून निघाल्या होत्या, बोटं बाहेरच्या बाजूला फाकवत, फेंगड्या. फाटकापाशी गेल्यावर बदलतील, असं ताईला वाटलं. त्यांनी फाटक उघडलं, नीट लावून घेतलं आणि कुंपणाच्या जाळीपलीकडून तशाच चालत राहिल्या.

मुलगी पायरीवर उभी राहून बघत होती.

"मोठ्या बाई अशा काय चालतात?"

"कशा गं?"

मॅडम कोपऱ्यावर वळेपर्यंत मुलगी त्यांच्या पायांकडे बघत राहिली. मग तिने आपल्या पायांकडे पाहिलं, आणि पायरीवर खाली बसली. चिकटपट्टी चर्रकन सुटली.

ताईचे हात मांडीवर मोकळे पडले होते. ते दाबून ठेवायची तिला आठवणच झाली नाही.