सगुणाची नोकरी

कार्ल्याची धोंडाबाई आपल्या बहिऱ्या लेकीला लहानपणापासून समोर बसवून ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवत आली होती. "त्या बहिरीला काय कळतंय?" असं कुणी म्हटलं, की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "समदं कळतं माज्या पोरीला!" असं ती भर बाजारात ठणकावून सांगायची. पण आपल्या मागं सगुणाचं कसं व्हायचं, या घोरानं तिला घास गोड लागत नसे.

सगुणाला विसावं लागलं त्या वर्षी, लढाईच्या दिवसांत, लोणावळ्यातल्या एका बंगल्यावरून मायलेकींना बोलावणं आलं. जेवूनखाऊन कायमची नोकरी होती आणि राहायला स्वतंत्र खोली.

"पाहुण्यांना चहा-फराळ द्यायचा, एवढंच काम," बाईसाहेब म्हणाल्या. "पण आमच्याकडे मोठमोठे व्यापारी खासगी बोलायला येतात. आधीची मुलगी इथलं तिथं सांगायची, म्हणून यांनी मुद्दाम बहिरी मुलगी शोधायला सांगितली. हिला आमच्या बोलण्यातलं काही कळत नाही ना?"

धोंडाबाईला राहवलं नाही. सवयीनं छाती फुगवून ती बोलून गेली, "अवो बाईसाहेब, माज्या पोरीला समदं..."

बाईसाहेबांच्या ओठांवरची नजर न हलवता सगुणानं पदराआडून आईला करकचून चिमटा काढला.

"...समदं काम येतंया," धोंडाबाई कळवळत म्हणाली, "कळत मातर काय बी न्हाई."