मागाहून येणारा आवाज

लालबागचे दौलतकाका पेनड्राइव्ह घेऊन नूपुरच्या दुकानात आले. "हिच्या वर्षश्राद्धाला दाखवायचाय. गणपतीतला व्हिडिओ आहे, पण ओठ आधी हलतात आणि आवाज मागाहून येतो. तेवढा जुळवून दे गो."

नूपुरने आरतीतली काकूंची एक टाळी हेरली आणि तळहात एकमेकांवर आपटतात तिथेच टाळीचा आवाज आणून बसवला. दोन सेकंदांचा फरक मिटला.

काकांनी तिथेच बसून सगळं पाहिलं. शेवटी काकू कॅमेऱ्याकडे बघून हसल्या, "अहो, पुरे आता, बंद करा!" आणि पडदा काळा झाला.

"पहिल्यासारखं करून दे, बाय."

"का काका? चुकलं काही?"

"नाय गो. पण पहिल्यात ही दिसेनाशी झाल्यावरही दोन सेकंद बोलत होती."