कोरी पाठ

शनिवारी सकाळी अकरापर्यंत दाफिनानं उतारावर नऊ कासवं मोजली. सहांच्या पाठीवर तिनंच ऑइलपेंटनं घातलेले लाल आकडे होते. तीन कोरी होती. तिनं त्यांची वजनं केली, उताणी करून पोटांचे फोटो घेतले, पाठींवर बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट लिहिलं आणि रंग वाळेपर्यंत झुडपाच्या सावलीत बसून राहिली. उठायचं त्राणच नव्हतं.

क्लिमे सरांनी नियम सोपा घालून दिला होता. लागोपाठ पाच दिवस एकही कोरं कासव सापडलं नाही, की मोजणी संपली. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, दोन आठवड्यांचं काम. आज तेविसावा दिवस होता. वीस जूनपर्यंत प्रकल्प दिला नाही तर वर्ष जाणार होतं, आणि तिचं एक वर्ष आधीच गेलेलं होतं.

घरी स्तोयना आजी पायरीवर बसून कांद्याची पात निवडत होती. क्रुशित्सा गावात खोली देणारी ती एकटीच. दोन्ही मुलं मेलबर्नला, वरच्या तीन खोल्यांना कुलूप.

"किती?"

"तीन नवी."

"मेली संपतात तरी कधी! आरशात बघ जरा, वाळून काडी झालीस. टाक ते सगळं आणि जा आईकडे."

"अशी कशी जाऊ आजी? नियम आहे."

"नियम म्हणे! कासवांना सांगितलायस का?"

दाफिनाला हसूही आलं नाही. बोटांचा रंग निघेना, तेव्हा आजीनं नेहमीसारखं चिंधीवर टर्पेंटाइन ओतून दिलं. ती बाटली आजीच्या उशाशीच असायची. आजी ते रोज गुडघ्याला चोळायची, आणि दुपारी दाफिना आडवी झाली की टोपली घेऊन उतारावर रानपुदिना खुडायला जायची. चालल्यानं गुडघा मोकळा होतो म्हणायची. दुसरी बाटली दाफिनानंच जवळच्या प्रिलेप शहराच्या बाजारातून आणून दिली होती.

"आजी, इथल्या इतक्या कासवांच्या कवचाची कड काळी कशी?"

"चार वर्षांपूर्वी वणवा लागला होता. कासवं काय, माझी द्राक्षंही होरपळली. जेव आता."

पांढरं चीज, पाव, पात. दाफिना जेवता जेवताच पेंगली.

रविवारी तिनं सरांना फोन केला.

"सर, जुने आकडे परत दिसतच नाहीत. एक ते तीसमधलं एकही गेल्या आठवड्यात भेटलं नाही."

"मग याचा अर्थ काय?" सरांचा आवाज चढला. "संख्या प्रचंड आहे! एवढ्याशा टेकडीवर! थांबू नकोस, मोजत राहा."

ती मोजत राहिली.

जूनच्या सुरुवातीला आजी तापानं पडली. चार दिवस दाफिना सकाळी उतारावर जायची, दुपारी येऊन आजीच्या कपाळावर ओला रुमाल ठेवायची आणि चमच्यानं सूप भरवायची. त्या चार दिवसांत जे कासव दिसलं, त्याच्या पाठीवर आकडा होता.

"उद्याचा एक दिवस," चौथ्या संध्याकाळी ती म्हणाली. "मग सुटले मी."

आजीनं चमचा हातानं बाजूला केला.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मलाही उठायलाच हवं उद्या."

सकाळी दाफिनाला जाग आली तेव्हा आजीचा बिछाना आवरलेला होता आणि कॉफीचा वास येत होता. उतारावर पहिलंच कासव कोरं निघालं. पुढची दोनही. दाफिना तिथंच दगडावर बसली आणि रडली.

चौदा जूनला सरांनीच फोन केला. "बस्स झालं. आहे तेवढ्यावर लिही, नाहीतर वर्ष जाईल."

निघताना तिनं टर्पेंटाइनची नवी बाटली ओट्यावर ठेवली. तिसरी.

"ने परत," आजी म्हणाली. "आता नको."

"आणि गुडघा?"

"बरा आहे." आजीनं तिच्या पिशवीत चेरीच्या मुरंब्याची बरणी कोंबली. "शेवटी किती झाली गं?"

"चौऱ्याण्णव."

"आणि दिवस चाळीस."

"तुला कसं माहीत?"

"मीही मोजत होते." बसचा भोंगा वाजला तसं आजीनं तिला दाराकडे ढकललं. "पळ. चुकवलीस तर उद्याच मिळेल."

स्कोप्येला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सरांनी आकडा तीनदा वाचला. "चौऱ्याण्णव! एवढं तर माझ्या सगळ्या वर्गाला मिळून मिळालं नाही. फक्त पोटांचे फोटो एकदा ताडून बघ. पोटावरची नक्षी म्हणजे बोटाचा ठसाच, दोन कासवांची सारखी नसते. नुसता उपचार आहे, तासाभराचं काम."

तिला सकाळपासून संध्याकाळ लागली. तिनं फोटो लांब मेजावर मांडले. त्रेसष्ट क्रमांकाच्या पोटावर चांदणीसारखा काळा डाग होता. तोच डाग सातवर होता, एकोणीसवर होता, ब्याऐंशीवर होता. ब्याऐंशीच्या फोटोतली कवचाची कड तिनं भिंगाखाली धरली. कवचाच्या दोन खवल्यांमधल्या खाचेत केसाएवढी लाल रेघ उरली होती, जिथं चिंधीचं टोक पोचत नाही अशा जागी.

तिनं सारख्या नक्षीचे फोटो एकावर एक ठेवत नेले. शेवटचा ठेवून झाल्यावर वहीत तारीख घातली आणि खाली लिहिलं: फोटो चौऱ्याण्णव, कासवं अकरा.