अरुंद पट्टा

"म्हणजे बाराच ना?" काचाले साहेबांनी कागद परत सरकवला. "बारा म्हणजे पंधराच्या खाली. विषय संपला."

"बारा हा मधला आकडा झाला, साहेब," तियामिके म्हणाली. "पट्टा नऊपासून सोळापर्यंत आहे. खरा आकडा त्यात कुठंही असू शकतो. सोळासुद्धा."

"आणि नऊसुद्धा!"

"हो. नऊसुद्धा." खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही.

नदीच्या खालच्या खोऱ्यात शंभरातली किती मुलं उपासमारीनं खंगली आहेत, एवढाच प्रश्न होता. पंधरा भरली की साहेबांच्या सहीनं सरकारी गोदामातला मका ट्रकांत चढणार होता. चौदा भरली तर गोदामाचं कुलूप तसंच राहणार होतं. तियामिके त्याच खोऱ्यातली. संख्याशास्त्र शिकून राजधानीच्या कचेरीत बसलेली. लोक दलदलीत उतरून कमळाचे कडू कंद उपसताहेत, हे तिच्या कानावर होतं. मगरींच्या त्या पाण्यात माणूस कोणत्या भुकेनं उतरतो, हेही तिला माहीत होतं. पण कचेरीत माहीत असण्याला कवडीची किंमत नसते, आकडा लागतो.

शितावरून भाताची परीक्षा करायची तर शितं पुरेशी हवीत. पहिल्या पाहणीत मुलं थोडी मोजली होती, म्हणून पट्टा एवढा ऐसपैस आला होता.

"तुमच्या पट्ट्यात माझी अख्खी खाट मावेल, बाई," साहेब हसले. "जरा अरुंद करून आणा. सगळा पट्टा पंधराच्या वर गेला, तर मी स्वतः ट्रकवर बसून मका पोचवीन."

खरं तर तिनं तिथंच भांडायला हवं होतं. सोळाची नुसती शंका आहे, तेवढ्यावर मका सोडा, असं म्हणायला हवं होतं. पण रुंद पट्टा म्हणजे तिच्या विद्येची नाचक्की. ती म्हणाली, "चौपट मुलं मोजते."

"शाब्बास!"

मंजुरी, गाड्या, पेट्रोल, माणसांचं प्रशिक्षण. कचेरीच्या चालीनं तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत तिला घास गोड लागला नाही. समोर मक्याच्या घट्ट उकडीची, न्सिमाची थाळी आली की तिला खोरं आठवायचं आणि ती अर्ध्यावरच उठायची.

मोजणीच्या तुकडीचा प्रमुख फ्लायवेल होता. कष्टाळू, पण तोंडाचा फटकळ. परतला तेव्हा त्याच्या बुटांचे तळ झिजले होते.

"ताई, पुन्हा असलं काम सांगू नका," तो म्हणाला. "एवढी मुलं गोळा करायची म्हणजे काय खायचं काम आहे? ठरल्यापेक्षा किती जास्त घरं हिंडलो! कुटुंबनियोजनवाल्यांना कुणीतरी बक्षीस द्या."

तिचं लक्ष नव्हतं. ती आकडे लावत होती. पट्टा हवा तसा अरुंद आला. पाच ते आठ.

काचाले साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "घ्या. दुष्काळ ओसरला की! तुमच्याच गणितानं." गोदाम उघडण्याच्या अर्जाची फाइल त्यांनी शांतपणे बंद केली.

तियामिकेनं तो कागद उचलला. बाहेर येऊन तिनं फ्लायवेलला गाठलं.

"झाडाखाली बसून फॉर्म भरलेस ना?"

"ताई, मारा दोन थोबाडीत, पण हे बोलू नका." तो म्हणाला. "चला माझ्यासोबत. स्वतः मोजा."

ती गेली. दिवसभर प्रवास, दुसऱ्या दिवशी सकाळपासून मोजणी. नासिबेको नावाची वाडीतली म्हातारी, सगळ्यांची गोगो म्हणजे आजी, तिला घरोघर नेत होती. तियामिके प्रत्येक मुलाच्या दंडाला रंगीत फीत गुंडाळायची; दंड भरलेला असला की हिरवा रंग, अगदी खंगलेला असला की लाल. हिरवा. हिरवा. एखादा पिवळा. पुन्हा हिरवा. लाल एकही नाही. एका पोरीनं फीत ओढून स्वतःच्या बाहुलीला लावली. नदीकाठी भोपळ्याचे वेल माजले होते आणि चुलीवर त्यांचाच पाला शिजत होता.

संध्याकाळपर्यंत तिला सुटकेचा हुंदका आवरेना. गणित खरं होतं. साहेब खरे होते. आपण उगाच इतके महिने जीव जाळला.

"चुकले रे, फ्लायवेल."

"कोंबडी खाऊ घाला, मग बघू," तो तोंड फिरवून म्हणाला, पण हसला.

गोगोच्या दारात तिनं चटईवर बसकण मारली. आज कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती. म्हातारीनं पुढ्यात ठेवलेला पाला तिनं बोटं चाटून संपवला.

"गोगो, वाचलात तुम्ही," ती म्हणाली. "पहिल्या वेळी आमच्या माणसांना इथं लाल फितीतली बरीच मुलं सापडली होती. ती आज कुठं दिसली नाहीत. खेळायला गेली असतील. जाण्याआधी तेवढी बघून जाते."

"मग लवकर ऊठ, पोरी, अंधार पडेल," काठी टेकत म्हातारी उभी राहिली. "जरा चढण आहे. नदीचं पाणी पोचू नये म्हणून आम्ही त्यांना वरच्या अंगाला पुरलंय."