पिकअप का तापली

बॉनेट उघडल्याबरोबर वाफेचा लोट अंगावर आला आणि सयाजी दोन पावलं मागं सरला. मागं सरावं लागलं, याचाही त्याला राग आला.

"परवापासनं गाडी तापतीया," तो ज्ञानूवर ओरडला. "तू ड्रायव्हर हायस का बुजगावणं?"

कित्येक वर्षं ज्ञानू सयाजीच्या घरची ही जुनी पिकअप चालवत होता आणि बोलणी खायची त्याला सवय होती. आज सयाजीच्या आईला, धोंडुबाईला, डोळे दाखवायला कोल्हापुरात आणलं होतं. दवाखाना यायच्या आधीच गाडीला उकळ्या फुटल्या आणि सगळी वरात उद्यमनगरात गुंडू मिस्त्रीच्या गॅरेजात येऊन थांबली.

"उनानं तापली असंल रं," स्टुलावर बसलेली धोंडुबाई म्हणाली. "पाणी वता नि चला."

"तू गप बस, आई."

गुंडूनं इंजिन निवू दिलं. मग रेडिएटर भरून गाडी चालू केली. गळती नव्हती. पाण्यात बुडबुडे येत नव्हते, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत होतं. पंख्याचा बेल्ट ताठ होता. थर्मोस्टॅट काढून त्यानं उकळत्या पाण्यात टाकला, तर तोही नीट उघडला.

"चेरमन, आतलं सगळं बराबर हाय," तो म्हणाला.

चेरमन हा शब्द सयाजीला झोंबला. गावच्या दूध संस्थेची खुर्ची नुकतीच गेली होती. राजवीरच्या पॅनेलनं त्याला थोडक्यात पाडलं होतं, म्हणजे जवळचंच कुणीतरी फुटलं होतं. खुर्चीवर बसून चढवलेला आवाज मात्र खुर्ची गेली तरी उतरत नव्हता. बायकोनं त्याच्यासमोर बोलणं कधीच सोडलं होतं आणि त्याच्या खाकरण्यानं गोठ्यातल्या म्हशीही दचकायच्या. कोण फुटलं ते कळल्याशिवाय त्याला घास गोड लागत नव्हता. हक्काचं माणूस म्हणून आता आईच उरली होती. मतदानाला निघताना तिनंच त्याच्या हातावर दहीसाखर ठेवली होती.

गुंडूनं बॅटरी घेतली, रेडिएटरच्या मागून उजेड मारला आणि पुढून वाकून पाहिलं. उजेड आरपार येईना.

"जाळी चोंदलीया. वारंच जात न्हाय, मग तापंल न्हाय तर काय? जरा बाजूला व्हा."

दुसऱ्यानं सांगितलं म्हणून बाजूला होणाऱ्यातला सयाजी नव्हता. गुंडूनं मागून हवेचा पाइप लावला आणि फस्सकन गुलालाचा ढग बाहेर आला. पांढरा शर्ट, मिश्या, भुवया, सगळं गुलाबी झालं. गुंडूनं आलेलं हसू खोकल्यात घातलं.

सयाजीचं डोकं सणकलं. निकाल लागला तसा तो फोन बंद करून आठवडाभर जयसिंगपूरला बहिणीकडे जाऊन बसला होता. गाडी गावात होती आणि चावी ज्ञानूकडे.

"राजवीरच्या मिरवणुकीत माझी गाडी घेऊन गेलतास?"

"न्हाय, दादा."

"मग गुलाल काय आभाळातनं पडला?"

ज्ञानूनं एकदा धोंडुबाईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सयाजीला तेवढं पुरेसं होतं.

"माझ्या घरात जेवलास आणि माझाच गळा कापलास. चावी टाक. परत दारात दिसू नको."

ज्ञानूनं चावी गाडीवर ठेवली, बाहीनं डोळे पुसले आणि तो रस्त्याकडे चालू लागला.

"ज्ञानू, थांब," म्हणत धोंडुबाई उठली. मग लेकाकडे वळली. "त्येला बोलू नको. गप ऱ्हायाची शपथ मीच घातलीया त्येला. जोतिबाच्या डोंगरावर गाडी मीच न्ह्याला लावली. पोतंभर गुलालाचा नवस हुता माझा. त्यो फेडताना पोतं गाडीच्या तोंडावरच फुटलं."

सयाजीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"मी तर पडलो, आई. मग नवस कसला फेडलास?"

धोंडुबाईनं पदरानं त्याच्या भुवयांवरचा गुलाल पुसला.

"तू पडावास म्हणूनच बोललेली."