टेबलाखालचं रुखवत

मुंडावळ्या सावरत मी रुखवताच्या टेबलापाशी आले आणि थबकले. मांडलेल्यात माझं काहीच नव्हतं. काचेचा राजवाडा, मोत्यांची तुळस, सगळं भाड्यानं आणलेलं. पुढे पाटी मात्र ‘वधूने स्वहस्ते केलेलं रुखवत’.

माझे सुपारीचे नवरा-नवरी टेबलाखालच्या खोक्यात कोंबलेले होते. नवऱ्याचं नाक वाकडं, नवरीची साडी डिंकानं बरबटलेली. ते करताना आई माझ्या शेजारी बसून पोट धरून हसली होती. “असू दे गं, कसे जिवंत वाटतात!” असं तीच म्हणाली होती.

“आई, हे तू केलंस?”

“हळू बोल. चार लोकांत शोभायला नको?”

तेवढ्यात होणाऱ्या सासूबाई आल्या. “अगंबाई, एवढं सगळं तू केलंस?”

आईनं माझा हात दाबला.

“नाही,” मी म्हणाले. “मी केलेलं टेबलाखाली आहे.”

पैठणीची पर्वा न करता त्या खाली बसल्या. खोकं ओढलं, नवऱ्याचं वाकडं नाक पाहिलं आणि पोट धरून हसल्या. अगदी आई हसली होती तशा.

मी आईकडे पाहिलं. ती पाटी सरळ करत होती.