जास्तीचे तीन किलोमीटर

"हरिपूरला जाऊन-येऊन आठ किलोमीटर होतात आणि हा अकरा दाखवतोय! फेकून दे हा डबा!" भालचंद्रांनी सायकलचा जीपीएस मीटर टेबलावर आदळला.

मुलाने वाढदिवसाला पाठवलेला मीटर. आधी बरोबर चालायचा, हल्ली आकडा वाढतच चालला होता. त्यांच्या पत्नी निर्मलाताई तो दुकानात घेऊन गेल्या. दुकानदाराने सगळी सेटिंग्ज नव्याने भरून दिली, तरी भालचंद्रांची तक्रार तीच. शेवटी ताई स्वतःच मीटर स्कूटरला बांधून हरिपूरला जाऊन आल्या. चोख आठ किलोमीटर!

"काकू, मीटर ठीक आहे," दुकानदार म्हणाला. "काका कुठून जातात, ते बघा." त्याने ताईंच्या फोनवर भालचंद्रांच्या कालच्या फेरीचा नकाशा उघडून दिला.

जातानाची रेघ सरळ होती. परतीची मात्र घराजवळच्या गल्ल्यांत घुटमळत होती. त्याच चौकातून पुन्हा पुन्हा, स्वतःच्याच फाटकावरून पुढे, परत मागे.

घरी येऊन त्यांनी फोन नवऱ्यापुढे धरला. "अहो, घर सापडत नव्हतं, तर मला सांगायचं नाही का?"

भालचंद्र रेघेकडे बघत राहिले. "वाटायचं, मीटरच बिघडलेला निघेल. देवाकडे तेवढंच मागत होतो गं."

"उद्यापासून मी येते बरोबर. माझ्या मागोमाग या."

"येईन की. पण एखाद्या दिवशी तूच ओळखू आली नाहीस तर?"

निर्मलाताईंनी त्यांचा हात घट्ट धरला.